ढिगावरची चप्पल

तिला तिच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. नवरा 'अगं' म्हणायचा, मुलगी 'आई' म्हणायची आणि बाकी सगळं जग 'फौजदार' म्हणायचं. फौजदारीण नाही, फौजदारच. एखादी नवी बाई चुकून फौजदारीण म्हणाली, तर ही तिला तिथल्या तिथे सुधारायची, "फौजदारीण म्हणजे फौजदाराची बायको. माझा नवरा चपला शिवतो."

हे नाव तिला लहानपणीच पडलं, शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर. त्या काळी सगळ्या शहराचा कचरा तिथे येऊन पडायचा आणि त्यावर पोट असलेल्या बायका उजाडायच्या आत आकडी आणि गोणी घेऊन वर चढायच्या. गाडी रिकामी झाली की ढीग कुणाचा, यावरून रोज डोकी फुटायची. शेवटी बायकांनीच एक कायदा करून टाकला. जी आधी पोचेल तिने आपली एक चप्पल काढून ढिगाच्या माथ्यावर ठेवायची. चप्पल ठेवली की ढीग तिचा. मग ती पाणी प्यायला खाली जाऊ दे, लेकराला पाजायला सावलीत बसू दे, त्या ढिगाला दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. चप्पल उचलायची ती फक्त मालकिणीने. आणि तोवर मालकिणीने एका पायाने अनवाणी फिरायचं. डोंगरावर एकाच पायात चप्पल असलेली बाई दिसली की सगळ्यांना कळायचं, हिचा ढीग मागे कुठेतरी हिची वाट बघतोय. पोलीस, पालिका, न्यायालय, कुणाचंच तिथे काही चालायचं नाही, पण या चपलेचं चालायचं.

एकदा हिची आई ताप अंगावर घेऊन डोंगरावर आली. ढिगावर चप्पल ठेवली आणि जरा आडवी झाली. तेवढ्यात भंगारवाल्याचा एक आडदांड माणूस आला, त्याने ती चप्पल लाथेने उडवली आणि ढीग उपसायला लागला. आई उठून बसली, पण तिच्यात बोलायचंही त्राण नव्हतं. आजूबाजूच्या बायका बघत राहिल्या, कारण गडी दांडगा होता. हिने मात्र मागून जाऊन त्याच्या पोटरीचा असा कडकडून चावा घेतला की त्याची बोंब खालच्या रस्त्यापर्यंत गेली. "सोड! सोड म्हणतो ना! फौजदार लागून गेलीस का काय गं?" तो ओरडला. पोटरी तोंडात असल्यामुळे हिने नुसती मान डोलावली. चप्पल उताराखाली जाऊन पडली होती. ती त्यालाच लंगडत जाऊन आणावी लागली आणि परत ढिगाच्या माथ्यावर, होती तशी ठेवावी लागली. तेव्हा कुठे दात सुटले.

लग्नही चपलेवरूनच झालं. चौकात मोडकी छत्री लावून एक तरुण चपला शिवत बसायचा. ही त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला एकच पाहिजे. उजवी."

"एकच? डाव्या पायाला काय झालं?"

"पायाला काही झालेलं नाही. डावी कामावर गेलीय."

त्याला काही उमगलं नाही, पण तो हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांनी टाकून दिलेल्या एकट्या चपला पेटीखाली जपून ठेवायला लागला. लग्नानंतर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "लोक जोडीने चपला विकतात. मी एकेक करून बायको मिळवली." माणूस स्वभावाने गरीब होता. बायकोच्या तोंडापुढे त्याचं काही चालत नसे आणि त्याला त्याचं काही वाटतही नसे.

पुढे डोंगर बंद झाला, बायका शहरात गल्लोगल्ली गोण्या घेऊन फिरू लागल्या आणि जो तो त्यांना चोर ठरवू लागला. फाटकावरचे रखवालदार काठ्या आपटायचे. घरात चमचा हरवला तरी आधी कचरेवालीची गोणी उलटी व्हायची. त्या दिवसांबद्दल फौजदार कधी रडगाणं गात नसे. ती म्हणायची, "मेल्यांनी स्वतःच फेकलेलं आम्ही उचललं, आणि चोर आम्ही!" याच संतापातून बायकांनी एकत्र येऊन संस्था काढली. पालिकेशी भांडून घरोघरचा कचरा उचलायचं काम मिळवलं. ढकलगाड्या आल्या, हातमोजे आले, पाठीवर संस्थेचं नाव असलेली जाकिटं आली. पालिकेची एक जुनी शेड बेवारस पडली होती, छप्पर गळकं, आत उंदीर. ती बायकांनी मागून घेतली आणि घासून, पत्रे ठोकून उभी केली. तिथे आता पुठ्ठा एका भिंतीला, जाड प्लास्टिक दुसऱ्या, पातळ पिशव्यांचे गठ्ठे मधे, काचा मागच्या हौदात, आणि ओल्या कचऱ्याचं खत अंगणात. फौजदाराची मुलगी याच पुठ्ठ्यांवर झोपून वाढली, त्याच पुठ्ठ्यांवर पाटी ठेवून शिकली, आणि आता संस्थेची सेक्रेटरी झाली होती. ऑफिसात जायचं म्हणून तिच्या पायात बारीक टाचेचे, पट्टा लावायचे सँडल असत. ते बापाने स्वतः शिवून दिले होते.

आणि फौजदार आपल्या गल्लीत खरोखर फौजदारासारखी वागायची. गाडी ढकलत आली की तिसऱ्या मजल्यापर्यंत आवाज जायचा. "कोण ते फुटलेली काच उघडी टाकतंय? माझा हात कापला तर तुम्ही येणार का गाडी ढकलायला?" मोठमोठे बँकेतले साहेब पिशवी मागे लपवून परत घरात जायचे, ओलं-सुकं वेगळं करून आणायचे आणि मग समोर यायचे. बायकोला न घाबरणारे पुरुषही तिला घाबरत असत.

असं सगळं बरं चाललेलं असताना पालिकेत नवे मोठे साहेब आले. त्यांनी शहर चकाचक करायचं ठरवलं. चकाचक म्हणजे काय, तर एका कंपनीच्या बंद गाड्या येणार, ओलं-सुकं सगळं एकत्र पोटात घेणार, दाबून त्याचा लगदा करणार आणि शहराबाहेर नेऊन ओतणार. बायकांची गरज नाही. आणि त्या गाड्या उभ्या करायला जागा हवी, तर ही शेड आहेच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. शेड गेली तर निवडलेला माल ठेवायचा कुठे? आणि माल निवडता येत नसेल तर संस्था कसली? बायका परत गोणी घेऊन रखवालदाराच्या काठीखाली जाणार, हे अगदी उघड होतं.

साहेबांनी एक बैठक लावली आणि संस्थेलाही बोलावलं. जाताना मुलीने आईला बजावलं, "आई, तू फक्त बसायचं. तोंड उघडायचं नाही. मी बोलेन."

"बरं बाई," फौजदार म्हणाली. आणि तिने शब्द पाळला. तोंड उघडलंच नाही.

मोठ्या टेबलावर शहराचा नकाशा पसरला होता. मुलगी छान बोलली, शांतपणे, अदबीने. साहेब पेन्सिल फिरवत ऐकत होते आणि अधूनमधून "बघू" म्हणत होते. ते "बघू" म्हणजे काय, हे फौजदाराला पहिल्याच वेळी कळलं. मग साहेबांनी पेन्सिल टेकवली ती थेट शेडवर. एक गोल काढला आणि कंपनीच्या माणसाला म्हणाले, "ही जागा तशी रिकामीच आहे."

रिकामी! जिथे हिने पोर वाढवलं, जिथला एकेक पत्रा या बायकांनी खांद्यावरून आणला, ती जागा रिकामी! फौजदाराच्या छातीत असं काही भडकलं की तिला पुढचं नीट दिसेना. तिचं तोंड बंदच होतं, पण हाताला कुणी बजावलं नव्हतं. हात खाली गेला, डाव्या पायातली चप्पल निघाली, आणि साहेबांच्या नकाशावर, पेन्सिलीच्या त्या गोलात, मातीसकट जाऊन बसली.

फेकली नाही, उगारली नाही. ठेवली, आईने शिकवली होती तशी, नीट सपाट.

पण त्या खोलीत बसलेल्यांना पायातून निघालेल्या चपलेचा एकच अर्थ ठाऊक होता. साहेब खुर्चीसकट मागे सरकले. कंपनीच्या माणसाने हात डोक्यावर घेतले. शिपाई धावत मधे आला. "पायातली वहाण पायातच बरी, हे कुणी शिकवलं नाही का तुम्हाला?" साहेब ओरडले. फौजदाराला कळेना, एवढं बोंबलायला काय झालं? मुलीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. दोघींना बाहेर काढलं. चप्पल शिपायाने चिमटीत धरून प्लास्टिकच्या पिशवीत घातली, कारण साहेब म्हणाले की तो पुरावा आहे, आणि पुरावा कपाटात गेला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. त्या बाईने लेखी माफी मागावी, नाहीतर संस्थेचं म्हणणं यापुढे ऐकलं जाणार नाही आणि महिनाअखेर शेड कंपनीला जाईल.

घरी मुलगी आईवर तुटून पडली. "साहेबांच्या टेबलावर चप्पल ठेवलीस तू!"

"टेबलावर नाही. शेडवर ठेवली."

"तो कागद होता, आई! कागद! तुमचा तो डोंगरावरचा कायदा जगात कुणाला माहीत आहे का? हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस. इतकी वर्षं मी त्या ऑफिसात जातेय, हळू बोलतेय, खाली मान घालतेय, कशासाठी? आणि तुझ्या एका चपलेपायी सगळ्या बायकांच्या पायाखालची जमीन जाणार आता."

हे फार लागलं. फौजदाराला कुणी शिव्या दिल्या तर ती दुप्पट परत करायची, पण ही शिवी नव्हती; खरंच शेड गेली असती तर ती तिच्यामुळे गेली असं म्हणायला सगळे मोकळे होते. ती भिंतीकडे तोंड करून बसली. नवऱ्याने पेटीतून एक डावी चप्पल काढून हळूच तिच्यापुढे सरकवली. तिने ती परत सरकवली.

"दुसरी घातली म्हणजे पहिलीवरचा हक्क सोडला," ती म्हणाली. "ती अजून ढिगावर आहे."

"ती कपाटात आहे," मुलगी म्हणाली.

"मग कपाट माझ्या ढिगावर आहे."

संध्याकाळी शेडमध्ये सगळ्या बायका जमल्या. त्यांच्यात थोरली होती, फौजदाराच्या आईबरोबर डोंगरावर काम केलेली, कमरेत वाकलेली म्हातारी. तीच म्हणाली, "माग गं माफी. वाकलं म्हणून कंबर मोडत नाही. माझ्याकडे बघ." बायका हसल्या, पण सगळ्यांच्या डोळ्यांत भीती होती, आणि फौजदाराला ती दिसत होती. तिने मुलीला म्हटलं, "वाच, माफीत काय लिहिलंयस ते."

मुलीने वाचलं, "माझ्याकडून अनवधानाने घडलेल्या कृत्याबद्दल..."

"अनवधानाने म्हणजे?"

"म्हणजे नकळत. चुकून."

फौजदाराने मुलीच्या हातातल्या कागदावर बोट टेकवलं. मग म्हणाली, "हे बघ. त्यांचं टेबल खराब झालं, त्याची माफी मागते. फडकं घेऊन जाते, पुसून देते. साहेब घाबरले, त्याचीही मागते. पण चप्पल चुकून ठेवली असं मी म्हणणार नाही. हात आपसूक गेला, पण हात माझाच होता. आज चुकून ठेवली म्हटलं, तर उद्या ते म्हणतील, शेडही चुकूनच तुमच्याकडे राहिली होती. मग काय करशील?"

मुलीने पेन काढलं. तिने मजकूर बदलला आणि टेबलाची माफी ऑफिसात पोचती केली. ऑफिसाने ती घेतली नाही.

मग फौजदार एका पायाने अनवाणी गल्लीत फिरू लागली. उजव्या पायात चप्पल, डावा पाय उघडा. तापलेल्या रस्त्यावर तो पाय ती जरा भरभर उचलायची, त्यामुळे चाल वेगळीच दिसायची. लोक विचारायचे, "काय हो, एक चप्पल कुठे गेली?" ती गाडी थांबवून सांगायची, "पालिकेत कामावर आहे." मग डोंगराची आणि चपलेची सगळी गोष्ट सांगायची, जिन्यात, फाटकाशी, रखवालदाराच्या खुर्चीजवळ. पहिल्या मजल्यावरच्या जाड चष्म्याच्या आजोबांनी आपली नवी कोरी चप्पल देऊ केली. ती म्हणाली, "आजोबा, तुमची ठेवा. शेड गेली की तुम्हालाच लागेल, कचरा तुम्हालाच त्या बंद गाडीपर्यंत पळत न्यायचाय." आजोबा हसले, पण हसून झाल्यावर विचारात पडले. ही गोष्ट गल्लीगल्लीत पसरली. बाकीच्या बायकांना मात्र तिची काळजी वाटायची, आणि थोरली तर रोज तिचा तळपाय बघून चुकचुकायची.

महिना संपायच्या आधीच एका सकाळी कंपनीची गाडी शेडवर आली. बायका नुकत्याच ढकलगाड्या घेऊन निघायच्या तयारीत होत्या. दारात मुलगी एकटी हात पसरून उभी होती आणि कंपनीचा सुपरवायझर तिच्या नाकापुढे कागद नाचवत होता. "मॅडम, ऑर्डर आहे. बाजूला व्हा. गाडी आत जाऊन उभी राहील, तुमचं सामान तुम्ही नंतर काढून घ्या." मागे ती हिरवी अजस्र गाडी घरघरत उभी होती आणि पुठ्ठ्यांचे गठ्ठे नुसत्या तिच्या आवाजाने थरथरत होते.

फौजदार पुढे आली. ओरडली नाही, हे बघूनच बायकांनी ढकलगाड्या सोडल्या. ती वाकली, उजव्या पायातली चप्पल काढली आणि गाडीच्या पुढच्या चाकाच्या वाटेत जमिनीवर ठेवली. आता तिचे दोन्ही पाय उघडे होते. डोंगरावर असं कधी कुणी केलं नव्हतं. एका ढिगाला एक चप्पल पुरायची.

"दुसरीही ठेवलीस?" मुलीने विचारलं.

"पहिली त्यांना दिसली नाही."

मुलीने आईच्या पायांकडे पाहिलं. डाव्या तळव्याला भेगा पडल्या होत्या, एका भेगेत वाळू रुतली होती. इतके दिवस रोज घरात दिसत असलेला पाय तिने जणू आत्ताच पाहिला. ती तिथेच खाली बसली आणि आपल्या उजव्या सँडलचा पट्टा सोडायला लागली. पट्टा निघेना. बापाने शिवलेला, निघेल कसा! सुपरवायझर हसला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीसुद्धा?"

"मी शिकले ते याच शेडमध्ये," मुलगी म्हणाली. तिने पट्टा ओढून काढला आणि टाचेचा तो सँडल आईच्या चपलेशेजारी ठेवला.

मग थोरली आली, काठी टेकत, आणि तिने आपली झिजलेली वहाण ठेवली. मग एकेक करत सगळ्याच आल्या. रबरी, कातडी, तुटक्या अंगठ्याची, दोऱ्याने बांधलेली, नाना तऱ्हेच्या एकट्या चपलांची दारात रांग लागली, आणि मागे सगळ्या बायका एकेका उघड्या पायावर उभ्या राहिल्या.

सुपरवायझर गाडीकडे वळून ओरडला, "घे रे पुढे! चपलाच आहेत. टायरला काय धाड भरलीय?"

गाडीची घरघर बंद झाली. ड्रायव्हर खाली उतरला. तिशी उलटलेला, दणकट माणूस. तो चपलांपुढे येऊन थांबला, उकिडवा बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून नुसता बघत राहिला. थोरलीने डोळे बारीक केले. "तू पत्रेवालीचा ना रे? तो, डोंगरावर ढिगाखाली झोपायचास तो?"

"हो, आत्या."

"आई कशी आहे?"

"गेली. दोन वर्षं झाली."

तो उठला आणि सुपरवायझरला म्हणाला, "साहेब, हा ढीग घेतलेला आहे."

"ढीग? कसला ढीग? शेड आहे ही!"

"तेच सांगतोय. घेतलेली आहे."

"मग उचल त्या चपला आणि बाजूला टाक!"

"दुसऱ्याची चप्पल उचलायची नसते," ड्रायव्हर म्हणाला. "माझ्या आईने मला दुसरं काही शिकवलं नाही. एवढंच शिकवलं." त्याने गाडीची किल्ली सुपरवायझरच्या हातात ठेवली. "तुम्ही घाला चाक."

आता सुपरवायझरला गाडी चालवता येत असती तर पुढे काय झालं असतं कुणास ठाऊक. पण त्याला ती येत नव्हती, आणि आपल्याला येत नाही हे सगळ्यांसमोर कळल्यामुळे त्याची जी काय अवस्था झाली ती बघण्यासारखी होती. हिरवी गाडी रस्त्यात आडवी राहिली. मागे रहदारी तुंबली, भोंगे वाजू लागले. गल्लीतला कचरा उचलला गेला नव्हता म्हणून लोक पिशव्या घेऊन शोधत शोधत शेडपाशी आले. जाड चष्म्याचे आजोबाही आले. त्यांनी चपलांची रांग पाहिली, जिन्यात ऐकलेली गोष्ट त्यांना आठवली, आणि त्यांनी पायातली एक चप्पल काढून रांगेच्या शेवटी ठेवली. त्यांचं बघून आणखी चार-पाच जणांनी ठेवल्या. एकाचे चकचकीत बूट होते.

दुपार व्हायच्या आत मोठ्या साहेबांना स्वतः यावं लागलं. ते गाडीतून उतरले आणि चपला ओलांडाव्या की नाही या विचारात अलीकडेच उभे राहिले.

"हे सुरू कुणी केलं?"

"मी," फौजदार म्हणाली. "सुरुवातीची तुमच्या कपाटात आहे."

"बाई, तुम्ही त्या दिवशी आमचा अपमान केलात."

"अपमान करायचा असता तर साहेब, चप्पल टेबलावर राहिली नसती." बायका खुसखुसल्या. फौजदाराने हात वर करून त्यांना गप्प केलं. "तुम्ही म्हणालात, जागा रिकामी आहे. आमच्यात रिकाम्या जागेवर कुणी चप्पल ठेवत नाही. तुम्हाला कळावं म्हणून ठेवली. आता बघा, कळतंय का."

साहेबांनी रांगेकडे पाहिलं, बुटाकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मागे तुंबलेल्या गाड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "गाडी मागे घ्या. या विषयावर पुन्हा बैठक होईल. आणि तुम्ही ऑफिसात येऊन तुमची चप्पल घेऊन जा."

"मी नाही येणार," फौजदार म्हणाली. "तुम्ही ती ज्या जागेवरून उचललीत, तिथे आणून ठेवा. मग मी घालीन."

गाडी मागे घ्यायलाही ड्रायव्हरच लागला. त्याने ती अगदी हळू मागे घेतली. मग दारातल्या चपला ज्याच्या त्याने उचलल्या; कपाटातली तेवढी राहिली. कंपनीने त्याला काढून टाकलं, आणि काही दिवसांनी तो संस्थेचा टेम्पो चालवू लागला.

पुढे बैठका झाल्या. मुलगी प्रत्येक बैठकीला गेली. आता ती मान खाली घालत नव्हती, आणि बोलताना मधे मधे आवाजही चढत होता. एका बैठकीनंतर साहेब म्हणाले म्हणे, "तुमच्या आईपेक्षा तुम्ही अवघड आहात." मुलीने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा फौजदाराने तोंडावर काही दाखवलं नाही, पण त्या दिवशी तिने नवऱ्याला आपण होऊन चहा करून दिला. एरवी चहा तोच करायचा.

आणि एक दिवस शिपाई शेडवर आला. एका हातात आदेश, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. त्याने पिशवीतून डावी चप्पल काढली, चिमटीत नाही, नीट हातात धरून, आणि शेडच्या उंबऱ्यात ठेवली. पिशवी तिथेच टाकून तो निघणार, तोच फौजदार म्हणाली, "ओ भाऊ, पिशवी तिकडे. पातळ प्लास्टिक मधल्या गठ्ठ्यात." शिपाई मुकाट्याने गेला आणि पिशवी गठ्ठ्यात टाकून आला.

शेड आणि गल्ल्या संस्थेकडे राहिल्या होत्या. बायकांनी एकच गलका केला. थोरलीने काठी फेकली आणि मग तिला ती शोधून द्यावी लागली. फौजदाराने उंबऱ्यातल्या चपलेत पाय सरकवला. पाय इतका रुंदावला होता की पट्टा करकचून बसला. तिचे डोळे भरून आले, आणि कुणी बघू नये म्हणून ती पट्टाच बघत राहिली.

मुलगी आदेश शेवटपर्यंत वाचत होती. तिने कागदाची घडी केली. "तीन वर्षांसाठी आहे," ती म्हणाली. "तीन वर्षांनी फेरविचार."

गलका थांबला.

"तीन तर तीन," थोरली म्हणाली. "मी काही त्यापुढे नाही."

मुलगी खाली बसली. या वेळी पट्टा पटकन निघाला, कारण मधल्या काळात तिने बापाकडून तो सैल करून घेतला होता. तिने उजवा सँडल काढला आणि उंबऱ्यात ठेवला, नीट सपाट.

"अगं, मिळाली ना शेड?" एक बाई म्हणाली.

"उसनी मिळालीय," मुलगी म्हणाली. "पूर्ण मिळेल तेव्हा उचलीन."

फौजदार तिच्याकडे बघत राहिली. मग तिने नुकताच आत घातलेला पाय बाहेर काढला, डावी चप्पल सँडलशेजारी सरकवली आणि गाडीला हात घातला.

संध्याकाळी मायलेकी घराकडे निघाल्या. आईचा डावा पाय उघडा, लेकीचा उजवा. चौकात नवरा पेटी आवरत होता. त्याने त्या दोघींना लांबूनच येताना पाहिलं, लेकीचा अनवाणी पाय आईसारखाच भरभर उचलला जाताना पाहिला, आणि जवळ आल्यावर पायांपासून डोक्यापर्यंत दोघींना न्याहाळलं.

"चला," तो म्हणाला, "दोघींत मिळून एक जोडी तरी घरी आली."